साथ करणाऱ्याचा इतिहास कसा लिहायचा? ऑर्गनवादक अलेक्झांडर श्रायनर यांच्या निमित्ताने

समजा, तुम्हाला एका संगीतकाराच्या आयुष्यावर संशोधन करायचं आहे. सिनॉप्सिस लिहायला घेतलात की पहिल्या पानावरच प्रश्न येतो: या माणसाचं योगदान काय? तुम्ही त्याच्या रचनांची यादी करायला बसता. ऑर्गन आणि वाद्यवृंदासाठी एक कॉन्चेर्टो, ऑर्गनच्या काही छोट्या रचना आणि प्रार्थनागीतांच्या काही चाली. यातलं मोठं काम मैफलींत फारसं वाजत नाही. ज्या चाली रोज कुठे ना कुठे गायल्या जातात, त्या चार ओळींच्या आहेत आणि गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या कुणाच्या हे माहीत नसतं. पण हाच माणूस ५३ वर्षं एका जगप्रसिद्ध वाद्यावर बसत होता, आणि रेडिओमुळे त्याचा हात अख्ख्या अमेरिकेने ऐकला होता.

मग योगदानाच्या जागी काय लिहाल?

अलेक्झांडर श्रायनर (१९०१–१९८७) यांचं आयुष्य याच प्रश्नासाठी आज घेतलंय. पंथाने मॉर्मन, जन्माने जर्मन, कर्मभूमी अमेरिकेतलं युटा राज्य. विषय तुमच्या अभ्यासक्षेत्रापासून लांबचा वाटेल, पण अडचण ओळखीची आहे. जो माणूस आयुष्यभर दुसऱ्याला साथ करतो, त्याचा इतिहास कशाच्या आधारे लिहायचा? माझं म्हणणं असं, की इथे साधनं शोधायला लागण्यापूर्वी 'कृती' या शब्दाचा अर्थच पुन्हा ठरवावा लागतो. ते का, हे टप्प्याटप्प्याने बघू.

आधी दोन शब्द

'ऑर्गन' म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर संगीत नाटकाचा पिट येतो. पायाने भाता मारायचा, बोटांनी पट्ट्या दाबायच्या आणि नटाच्या पदाला सूर धरून ठेवायचा. ते वाद्य पेटीच्या घराण्यातलं, त्यात धातूच्या पत्त्या कंप पावतात. इथे आपण बोलतोय तो पाईप ऑर्गन. त्यात प्रत्येक स्वरासाठी स्वतंत्र नळी असते, म्हणजे साधारण बासरीसारखी. पट्टी दाबली की झडप उघडते आणि नळीत हवा शिरते. एकाच जातीच्या नळ्यांची एक रांग, अशा अनेक रांगा, आणि कुठली रांग बोलेल हे ठरवणारे खटके, ज्यांना स्टॉप म्हणतात. हातांसाठी एकावर एक रचलेले तीन-चार-पाच कीबोर्ड आणि पायांसाठी आणखी एक.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. पियानोवर पट्टी जोरात दाबली तर आवाज मोठा येतो, पाईप ऑर्गनवर तसं होत नाही. तिथला भाव येतो तो रांगांच्या निवडीतून, स्वर कधी धरला आणि कधी सोडला यातून, आणि ते वाद्य कुठल्या इमारतीत बसवलंय त्यातून. म्हणजे ऑर्गनवादकाची कला त्याच्या वाद्यापासून वेगळी काढता येत नाही. सतारिया सतार घेऊन गावोगाव जाऊ शकतो. ऑर्गनवादकाला मात्र नव्या गावात नव्या वाद्याशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते.

दुसरा शब्द 'मॉर्मन'. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या चर्चच्या अनुयायांना हे नाव पडलं. अधिकृत नाव वेगळं आणि लांबलचक आहे. २०१८ पासून चर्चने 'मॉर्मन' हा शब्द टाळावा असा आग्रह धरला, आणि त्याच वर्षी 'मॉर्मन टॅबरनॅकल कॉयर' या प्रसिद्ध गायकवृंदाचं नावही बदललं. श्रायनर यांच्या काळात मात्र हा शब्द सर्रास वापरात होता. तुम्ही प्रबंधात कुठला शब्द वापराल? कुठलाही वापरा, पण पहिल्या प्रकरणात त्याचं कारण द्या. समूहाने स्वतःला दिलेलं नाव आणि लोकांनी त्याला दिलेलं नाव यांतल्या फरकातच अर्धा इतिहास दडलेला असतो.

मुलगा येण्याआधी वाद्य आलं होतं

चरित्र म्हटलं की आपण जन्मतारखेपासून सुरुवात करतो. इथे थोडं मागे जाऊ.

छळ आणि हकालपट्टी सोसून ब्रिगम यंग यांच्या नेतृत्वाखाली मॉर्मन लोक १८४७ साली सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. आजूबाजूला ओसाड प्रदेश. आंतरखंडीय रेल्वे पूर्ण झाली ती १८६९ मध्ये. त्याआधी येणारी प्रत्येक जड वस्तू बैलगाडीतून किंवा घोडागाडीतून यायची. अशा ठिकाणी या लोकांनी २५० फूट लांब, १५० फूट रुंद, वरून लाकडी घुमटासारखं छत असलेलं एक सभागृह बांधलं. हे टॅबरनॅकल. १८६७ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे पहिली परिषद भरली आणि तिथेच जोसेफ रिजेस यांनी बांधलेला ऑर्गन वाजला. रिजेस मूळचे इंग्लंडचे, ऑस्ट्रेलियामार्गे युटात आलेले. त्यांनी स्थानिक लाकडाच्या नळ्या केल्या. वाद्याच्या दर्शनी भागातल्या उंच सोनेरी नळ्यांपैकी काही त्या लाकडाच्या आहेत आणि आजही बोलतात. पहिले वादक जोसेफ डेन्स. त्या वेळी त्यांचं वय होतं अवघं १६, आणि तेही इंग्लंडहून आलेल्या कुटुंबातले.

यातून काय दिसतं? वाद्य बांधणारा परदेशातून आलेला, वाजवणारा परदेशातून आलेला. श्रायनर हे या साखळीतले पुढचे. मॉर्मन मिशनरी युरोपात फिरत, लोक चर्चमध्ये येत आणि आपलं चंबूगबाळं आवरून युटाची वाट धरत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चर्चचे नेते नव्या सभासदांना 'आपापल्या देशातच राहा' असं सांगू लागले होते, तरी स्थलांतर पूर्ण थांबलं नाही.

अलेक्झांडर यांचा जन्म ३१ जुलै १९०१ चा, न्यूरेंबर्गचा. आईवडील मॉर्मन झाले. आठव्या वर्षी हा मुलगा तिथल्या छोट्या मंडळीत उपासनेच्या वेळी ऑर्गन वाजवू लागला. 'बालप्रतिभा' असं लिहून पुढे जायचा मोह होईल. जरा थांबा. मॉर्मन चर्चमध्ये स्थानिक पातळीवर पगारी पाद्री नसतात, पगारी वादकही नसतात. सगळी कामं सभासदच वाटून घेतात. त्यामुळे ज्याला थोडंफार वाजवता येतं, त्याला लगेच बसवलं जातं. प्रतिभा होतीच, पण आठ वर्षांच्या मुलाला दर रविवारी खऱ्याखुऱ्या मंडळीला साथ करायला मिळाली ती या व्यवस्थेमुळे. एकटं रियाज करणं आणि गाणाऱ्या लोकांना सांभाळून घेणं, यांतला फरक तो फार लवकर शिकला असणार.

१९१२ साली कुटुंब सॉल्ट लेक सिटीत आलं.

सिनेमागृह, मिशन आणि पॅरिस

युटात श्रायनर जॉन जे. मॅक्लेलन यांच्याकडे शिकू लागले. मॅक्लेलन हे टॅबरनॅकलचे वादक. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे सगळ्यांसाठी मोफत ऑर्गनवादनाचा परिपाठ पडला, तो त्यांच्या कारकिर्दीत. म्हणजे एका धार्मिक इमारतीतलं वाद्य परगावच्या पाहुण्यांनाही ऐकायला मिळू लागलं. हा धागा पुढे महत्त्वाचा ठरतो.

त्याच काळात श्रायनर मूकपटांच्या थिएटरांतही ऑर्गन वाजवत. पडद्यावर पाठलाग सुरू झाला की तसं वाजवायचं, नायिका रडू लागली की क्षणात बदलायचं. मग विशीत असताना त्यांनी कॅलिफोर्नियात चर्चसाठी मिशनरी म्हणून काम केलं. सिनेमा आणि मिशन ही जोडी आपल्याला विचित्र वाटते, पण त्या वेळच्या अमेरिकेत ऑर्गन वाजवून पोट भरायचं तर थिएटर हाच मोठा मालक होता. १९२७ नंतर बोलपट आले आणि थिएटरमधल्या वादकांच्या नोकऱ्या भराभर गेल्या. श्रायनर तोवर दुसऱ्या वाटेला लागले होते. १९२४ मध्ये टॅबरनॅकलचे वादक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

नेमणूक झाल्यावर ते शिकायला पॅरिसला गेले. १९२४ ते १९२६ या काळात त्यांनी शार्ल-मारी विदोर आणि लुई व्हिएर्न यांच्याकडे धडे घेतले. विदोर तेव्हा ऐंशीचे, १८७० पासून सँ-स्युल्पीस चर्चचे वादक. व्हिएर्न नोत्र-दामचे, जन्मापासून दृष्टी अगदी अधू. दोघांची वाद्यं एकोणिसाव्या शतकातल्या कावाये-कोल या थोर कारागिराच्या हातची. इथे पुन्हा तेच दिसतं: शिष्य गुरूकडून शिकतो तितकाच गुरूच्या वाद्याकडूनही शिकतो. १९२५ मध्ये मॅक्लेलन वारले, तेव्हा त्यांचा हा विद्यार्थी पॅरिसमध्येच होता.

बहुतेक चरित्रं इथे एक सरळ रेघ ओढतात: गरीब स्थलांतरित मुलगा, पॅरिसमध्ये शिक्षण, परत येऊन सेवा. रेघ चुकीची नाही, पण मधले जोड गाळलेले असतात. १९२७ साली श्रायनर यांचं लग्न मार्गारेट लायमन यांच्याशी झालं. त्यांचे वडील रिचर्ड लायमन हे इंजिनिअर आणि चर्चच्या बारा प्रेषितांपैकी एक. आई अॅमी ब्राउन लायमन पुढे १९४० मध्ये चर्चच्या स्त्री-संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. न्यूरेंबर्गहून आलेला मुलगा पंधरा वर्षांत सॉल्ट लेकच्या अगदी वरच्या वर्तुळात पोचला होता. सामाजिक इतिहासात रस असेल तर हा धागा सोडू नका. या समाजात संगीत ही प्रतिष्ठेची शिडी होती का? एका उदाहरणावरून सिद्ध काहीच होत नाही, पण चांगलं गृहीतक जरूर मिळतं.

१९३० ते १९३९ ही नऊ वर्षं श्रायनर यांनी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे ऑर्गनवादक म्हणून काढली, टॅबरनॅकलशी नातं न तोडता. तिथल्या रॉयस हॉलमध्ये १९३० साली स्किनर कंपनीचा नवा ऑर्गन बसला होता. या कंपनीचं नाव ध्यानात ठेवा.

रेडिओ: ऐकणारा बदलला

१५ जुलै १९२९. टॅबरनॅकलमधून गायकवृंद आणि ऑर्गनचा कार्यक्रम पहिल्यांदा देशभराच्या रेडिओ जाळ्यावर गेला. एकच मायक्रोफोन होता, तो उंच टांगलेला. निवेदन करणारा तरुण शिडीवर उभा राहून बोलला. त्या दिवशी ऑर्गनवर एडवर्ड पी. किंबल होते. पुढे 'म्युझिक अँड द स्पोकन वर्ड' या नावाने ओळखला गेलेला हा साप्ताहिक कार्यक्रम आजही चालू आहे, आणि जगातल्या सर्वांत दीर्घकाळ चाललेल्या प्रसारणांत त्याची गणना होते. १९३० पासून १९७१ पर्यंत त्याचे निवेदक होते रिचर्ड एल. इव्हान्स. श्रायनर आणि त्यांचे सहकारी फ्रँक अॅस्पर यांनी दशकानुदशकं त्यात ऑर्गन वाजवला.

याचा अर्थ समजण्यासाठी तारीख जरा मागे न्या. बहुपत्नीत्वाची प्रथा चर्चने अधिकृतपणे सोडली १८९० मध्ये. युटाला राज्याचा दर्जा मिळाला १८९६ मध्ये. त्यानंतरही १९०४ ते १९०७ या काळात रीड स्मूट या मॉर्मन सिनेटरला सभागृहात बसू द्यावं की नाही, यावर वॉशिंग्टनमध्ये लांबलचक सुनावणी चालली होती. म्हणजे श्रायनर अगदी लहान होते तेव्हा देशाच्या राजधानीत त्यांच्या पंथाच्या निष्ठेची तपासणी होत होती. आणि ते तिशीत आले तेव्हा त्याच पंथाचा आवाज रविवारी सकाळी लोकांच्या दिवाणखान्यात अर्धा तास मुक्कामाला येत होता.

हा बदल केवळ संगीताने झाला असं कुणी म्हणणार नाही. पण संगीताचा यातला वाटा तपासण्याजोगा आहे. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक मॉर्मन नव्हते. त्यांना शिकवण देऊन चालणार नव्हतं, पण बाखची एखादी रचना किंवा ओळखीचं प्रार्थनागीत देता येत होतं. त्यामुळे आज ऑर्गनवर काय वाजवायचं हा निर्णय सांगीतिक होता, तसाच सार्वजनिकही होता. तुम्हाला यावर काम करायचं असेल तर कार्यक्रमपत्रिका गोळा करा आणि साधं कोष्टक करा: कुठल्या दशकात बाख किती, फ्रेंच रचना किती, पंथाची स्वतःची गीतं किती. अशा कंटाळवाण्या कोष्टकातूनच मोठे निष्कर्ष निघतात.

वाद्य हाच दस्तऐवज

आता ती स्किनर कंपनी. १९४५ मध्ये टॅबरनॅकलने नवा ऑर्गन करायला दिला तो बोस्टनच्या एओलियन-स्किनर कंपनीला, म्हणजे त्याच स्किनरच्या वारसदार कंपनीला. १९४८ मध्ये काम पूर्ण झालं. दर्शनी भाग जुनाच ठेवला, आतलं वाद्य जवळपास नवं झालं. नाद-रचना केली जी. डोनाल्ड हॅरिसन यांनी, आणि वादकांच्या बाजूने श्रायनर या कामात बारकाईने गुंतले होते. वाद्याला पाच कीबोर्ड. पुढच्या काळातल्या भरीसह आज त्यात ११,६२३ नळ्या आहेत.

आकडा मोठा आहे, पण आकड्यात अडकू नका. प्रश्न असा आहे की जुना ऑर्गन का बदलला? आधीचा, १९१५ सालचा, ऑस्टिन कंपनीचा ऑर्गन एका वेगळ्या आवडीचं अपत्य होता. त्या काळी ऑर्गनने वाद्यवृंदाची नक्कल करावी, आवाज जाड आणि गुळगुळीत असावा, अशी अपेक्षा असे. १९३० नंतर आवड बदलली. हॅरिसन यांना असं वाद्य हवं होतं ज्यावर बाखच्या रचनेतला प्रत्येक स्वरप्रवाह वेगळा ऐकू येईल, फ्रेंच सिंफनी शोभेल आणि नवं संगीतही वाजेल. पॅरिसमध्ये दोन वर्षं काढलेल्या, थिएटरमध्ये हात तयार झालेल्या आणि दर आठवड्याला माईकसमोर बसणाऱ्या माणसाला हे का पटलं असेल, याचा अंदाज बांधणं अवघड नाही.

अंदाज हा शब्द मुद्दाम वापरतोय. श्रायनर नऊ वर्षं स्किनरच्या वाद्यावर बसले आणि पुढे त्याच परंपरेतली कंपनी निवडली गेली. घटनांचा हा क्रम खरा आहे. पण आधी घडलं म्हणून तेच कारण, असं धरून चालत नाही. हा जोड पक्का करायचा तर करारपत्रं, पत्रव्यवहार, खटक्यांच्या याद्या बघाव्या लागतात. व्हायवाला परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात.

आणि इथेच पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. तुमच्या यादीत '१९४८ चा ऑर्गन' कुठल्या रकान्यात होता? कुठल्याच नाही, कारण आपण फक्त कागदावरच्या रचना मोजत होतो. पण ज्या वाद्याच्या घडणीत श्रायनर यांची आवड उतरली, ते त्यांच्यानंतरही वाजतंय. पुढच्या पिढीतल्या वादकांचा हात त्यावर तयार झाला. ही कृती नव्हे तर काय?

चार ओळींच्या चाली

उरलेलं अर्धं उत्तर प्रार्थनागीतांत आहे.

मॉर्मन उपासनेत दर रविवारी प्रभुभोजन असतं, भाकर आणि पाणी. त्याआधी सगळी मंडळी मिळून एक गीत गाते. गाणारे कोण? शिकलेले गायक नव्हेत. दुकानदार, शेतकरी, मांडीवर मूल घेतलेली आई, नीट ऐकू न येणारे आजोबा. चाल त्यांच्या आवाक्यात हवी, श्वास घ्यायला जागा हवी, आणि वाजवणारा वादकही बहुतेक वेळा हौशीच, हे धरून लिहायची. विदोर यांच्याकडे शिकलेल्या माणसाने अशा चाली लिहिल्या.

१९८५ सालच्या इंग्रजी गीतसंग्रहात ३४१ गीतं आहेत आणि त्यांत श्रायनर यांच्या अनेक चाली आहेत. 'ट्रुथ इटर्नल' या गीताचे शब्द पार्ले प्रॅट यांचे. प्रॅट पहिल्या पिढीतले, १८५७ मध्येच वारलेले. म्हणजे शब्द आणि चाल यांच्यात एका शतकाच्या आसपासचं अंतर. 'गॉड लव्हड अस, सो ही सेंट हिज सन' हे प्रभुभोजनाचं गीत. त्याचे शब्द एडवर्ड किंबल यांचे, म्हणजे पहिल्या प्रसारणात वाजवणाऱ्या सहकाऱ्याचे. आणि 'व्हाइल ऑफ दीज एम्ब्लेम्स वी पार्टेक' हे गीत तर त्या संग्रहात शेजारी-शेजारी दोनदा छापलंय: शब्द तेच, चाली दोन. एक सॅम्युअल मॅकबर्नी यांची, दुसरी श्रायनर यांची. तुलनात्मक विश्लेषण शिकायचं असेल तर यासारखी आयती संधी नाही. शब्द स्थिर आहेत, त्यामुळे जो फरक जाणवेल तो चालीचाच.

याच श्रायनर यांनी ऑर्गन आणि वाद्यवृंदासाठी बी मायनरमधला कॉन्चेर्टोही लिहिला. १९५४ मध्ये युटा विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, तीही संगीतरचनेत. वयाची पन्नाशी उलटून गेली होती, वादक म्हणून देशभर नाव झालं होतं. (नेट दोनदा हुकली म्हणून 'आता आपलं वय झालं' असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) म्हणजे मोठा घाट हाताळण्याची ताकद आणि इच्छा दोन्ही होत्या. तरी टिकल्या त्या छोट्या चाली. अपयश म्हणून याची नोंद करायची का? मला तसं वाटत नाही. कॉन्चेर्टो टिकायला वाद्यवृंद, सभागृह आणि तिकीट काढणारा रसिक लागतो. चाल टिकायला लागते ती गाणारी मंडळी आणि पुन्हा छापला जाणारा गीतसंग्रह. ही दुसरी व्यवस्था त्यांच्या चर्चकडे भक्कम होती. कुठली कृती टिकते हे गुणवत्तेइतकंच अशा व्यवस्थेवर ठरतं.

साधनं: कुणाचं किती ऐकायचं

श्रायनर १९७७ मध्ये निवृत्त झाले. १९८४ मध्ये त्यांच्या आठवणींचं पुस्तक आलं, आणि १५ सप्टेंबर १९८७ रोजी सॉल्ट लेक सिटीत ते वारले. आठवणींचं पुस्तक हाताशी असलं की काम सोपं वाटतं, आणि तिथेच सावध व्हायला हवं. ऐंशी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर ज्या संस्थेत राहिला तिच्याविषयी, बहुतांशी तिच्याच सभासदांसाठी सांगतोय. बखरीपेक्षा अस्सल पत्राला जास्त वजन द्या, असं राजवाडे का सांगत होते ते इथे आठवा. म्हणून पुस्तक फेकून द्यायचं नाही. घटना काय घडली यासाठी त्याला दुसरा साक्षीदार शोधा. त्या घटनेकडे या माणसाला कसं पाहायचं होतं, यासाठी मात्र त्याच्याइतका चांगला साक्षीदार नाही.

दुसरे साक्षीदार कोण? सॉल्ट लेकमध्ये दोन जुनी वृत्तपत्रं आहेत. 'डेझरेट न्यूज' चर्चच्या मालकीचं, तर 'सॉल्ट लेक ट्रिब्यून' सुरुवातीच्या काळात चर्चच्या विरोधकांचं. एकाच मैफलीच्या दोन बातम्या शेजारी ठेवून वाचा. तिसरा साक्षीदार 'द डायपेसन' हे ऑर्गनवादकांचं व्यावसायिक मासिक. त्याला युटातल्या धर्मकारणाशी देणंघेणं नाही, वादन आणि वाद्य एवढंच बघायचं आहे. चौथा साक्षीदार ध्वनिमुद्रणं. तिथे श्रायनर स्वतःच उत्तर देतात, पण एक पथ्य पाळा: मुद्रण १९४८ च्या आधीचं की नंतरचं हे आधी पाहा, नाहीतर वाद्यातला बदल वादकाच्या शैलीतला बदल म्हणून लिहून बसाल. युटातल्या जुन्या वृत्तपत्रांचा मोठा भाग इंटरनेटवर मोफत वाचता येतो, त्यामुळे विमानाच्या तिकिटाअभावी विषय सोडायची गरज नाही.

आणखी एक अडचण खास आपली. आपण त्या पंथाचे नाही. आतल्या संशोधकाला जे सहज कळतं, उदाहरणार्थ कुठलं गीत कुठल्या प्रसंगी गातात, ते आपल्याला पुस्तकातून शिकावं लागतं. पण आतल्या माणसाला जे इतकं सवयीचं झालंय की दिसतच नाही, ते आपल्याला खटकतं. आठ वर्षांचा मुलगा मंडळीत का वाजवतो, हा प्रश्न आतल्या माणसाला पडेलच असं नाही. श्रद्धेची टर उडवायची नाही आणि तिच्या वतीने वकिलीही करायची नाही, एवढं पथ्य पाळलं की बाहेरचं असणं ही अडचण राहत नाही, तिचं साधन होतं.

मग रकान्यात काय लिहायचं?

आता सिनॉप्सिसकडे परत येऊ. 'श्रायनर यांचं जीवन आणि कार्य' असं शीर्षक दिलंत तर गाईड विचारणार, यात प्रश्न कुठे आहे? त्याऐवजी असं मांडून बघा: विसाव्या शतकात एका छोट्या, संशयाने पाहिल्या गेलेल्या पंथाने संगीताच्या आधारे सार्वजनिक जीवनात जागा मिळवली. त्या प्रक्रियेत एका पगारी वादकाने कुठले निर्णय घेतले, आणि त्या निर्णयांच्या खुणा वाद्यात, कार्यक्रमपत्रिकांत आणि गीतसंग्रहात कशा उरल्या? इथे प्रश्न आहे, काळाची चौकट आहे, साधनांचे तीन गट आहेत आणि प्रत्येक गटासाठी वेगळी पद्धत आहे. दोन-अडीचशे पानांना हे पुरतं.

योगदानाच्या रकान्यात मी तीन गोष्टी लिहीन: एक वाद्य, एक ऐकण्याची सवय आणि काही चाली. तिन्हींवर श्रायनर यांची सही ठळक दिसत नाही. ऑर्गनवर कंपनीचं नाव आहे, रेडिओवर गायकवृंदाचं. चालीखाली त्यांचं नाव असतं, पण गाताना पानाच्या त्या कोपऱ्याकडे कुणाची नजर जात नाही. साथ करणाऱ्याचं काम असंच उरतं, दुसऱ्यांच्या नावाखाली. ते तिथून शोधून काढणं हे इतिहासकाराचं काम आहे.

तुमचा विषय श्रायनर नसेल, तमाशातला ढोलकीवाला असेल, मिशन शाळेतल्या संगीतशिक्षिका असतील किंवा आकाशवाणीवरचा पेटीवाला असेल. यादी करायला बसण्यापूर्वी एकदा स्वतःला विचारा: या माणसाची कृती मी नेमकं कशाला म्हणणार आहे? उत्तर बदललं की शोधायची साधनंही बदलतील.